दोन खुणा आणि एक सुई : गडचिरोलीतल्या नवजात बाळांचं प्रकरण

एप्रिल १९९५. गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत एकेक बाई नव्या कामाला लागली. शिक्षण पाचवी ते दहावीच्या मधलं, घर त्याच गावात. गावात कुणाला कळा सुरू झाल्या की तिथे जायचं, बाळ जन्मताना हजर राहायचं. मग पुढचे २८ दिवस ठरलेल्या दिवशी त्या घरी जाऊन बाळाचं वजन, अंगाची ऊब, श्वास, दूध ओढणं, बेंबी, कातडी हे सगळं तपासून कागदावर लिहायचं. पहिलं वर्ष एवढंच काम होतं. औषधोपचार त्यानंतर सुरू व्हायचे होते.

तीन वर्षांनी, १९९७-९८ मध्ये, या गावांतला नवजात मृत्युदर, म्हणजे पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण, हजार जिवंत जन्मांमागे २५.५ वर आला होता. काम सुरू होण्याआधी तो ६२ होता. शेजारच्या ४७ गावांत हे काम नव्हतं. तिथला दर जिथल्या तिथे राहिला. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत पुढे देशाच्या आरोग्य कार्यक्रमात गेली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या या कामाचा उल्लेख सहसा त्यागाच्या अंगाने होतो. अमेरिकेत शिकून जंगलात आले, वगैरे. ते खरं आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही. बाळं नेमकी कशाने वाचली, कोणत्या क्रमाने, कोणत्या साधनांनी, आणि तीच पद्धत मोठी करताना काय गळालं, ते इथे मांडलं आहे.

आधीची दहा वर्षं

अभय बंग वर्धा-सेवाग्रामच्या गांधीवादी वातावरणात वाढले, राणी बंग चंद्रपूरच्या. दोघांचं वैद्यकीय शिक्षण नागपूरला झालं, सार्वजनिक आरोग्याचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्या नव्या जिल्ह्यात १९८६ मध्ये त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली.

राणी बंग यांचा वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना कसला ना कसला स्त्रीरोग होता. दवाखान्याच्या रांगेत न येणारा आजार घरात किती दडलेला असतो, हे त्या अभ्यासाने दाखवलं. नवजात बाळांच्या कामाचं बीज तिथेच आहे असं आम्हाला वाटतं. दवाखान्यात आलेले रुग्ण मोजायचे नाहीत, गावातली सगळी माणसं मोजायची, हा नियम तिथून पुढे प्रत्येक कामात पाळला गेला.

दुसरा धडा न्यूमोनियाने दिला. १९८८ च्या सुमारास या भागातला बालमृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण, हजारी १२१ होता. लहान मुलांतला न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास चालतात ते मोजावं लागतं. अनेक सुईणींना बारापुढे मोजता येत नव्हतं. त्यांच्यासाठी एक साधन तयार केलं गेलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया समजायचा. लहान बाळासाठी वेगळी ओळ, मोठ्या मुलासाठी वेगळी. साठपर्यंत मोजण्याची गरजच उरली नाही, दहापर्यंत आलं की पुरे. ५८ गावांत गावच्याच माणसांनी को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक देऊन हा आजार बरा केला, ४४ गावांशी तुलना केली गेली, आणि १९९० मध्ये तो अभ्यास छापून आला. न्यूमोनियाने होणारे मृत्यू या गावांत हजारी ८.१ होते, तुलनेच्या गावांत १७.५.

मोठी मुलं वाचू लागली, तशी उरलेल्या मृत्यूंची जागा स्पष्ट दिसू लागली. १९९३ ते १९९५ च्या नोंदींत ३९ गावांतला बालमृत्युदर ७५.५ होता आणि त्यातले ६२ मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले होते. म्हणजे वर्षाच्या आत जाणाऱ्या पाच बाळांतली चार पहिल्या महिन्यातच जात होती. त्या काळी नवजात बाळाचा उपचार म्हणजे शहरातला अतिदक्षता विभाग, काचेची पेटी, शिरेतून औषध. गडचिरोलीच्या गावातून तिथे कुणी पोचत नव्हतं.

वर्षभर नुसतं बघणं

१९९५-९६ हे निरीक्षणाचं वर्ष या प्रकरणातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग आहे. रुग्णालयातल्या आकड्यांवरून उपचार ठरवणं सोपं होतं. पण रुग्णालयात येतं ते बाळ वेगळं. ते तगून राहिलेलं असतं, त्याच्या घरच्यांकडे गाडीभाडं असतं. घरी जन्मून घरीच जाणाऱ्या बाळाला काय होतं, याची नोंद कुणाकडेच नव्हती.

त्या वर्षात ७६३ बाळं जन्मापासून २८ दिवस पाहिली गेली. ९५ टक्के बाळंतपणं घरीच झाली होती. ४२ टक्के बाळांचं वजन अडीच किलोच्या आत होतं. जवळजवळ निम्म्या बाळांना, ४८.२ टक्क्यांना, असा काही आजार झाला ज्यात दहातलं एकाहून जास्त बाळ दगावतं. वैद्यकीय मदतीची गरज ५४ टक्क्यांना होती. मदत मिळाली २.६ टक्क्यांना. रुग्णालयात भरती झाली ०.४ टक्के.

४० बाळं गेली. त्यांतल्या साधारण निम्म्यांचं मुख्य कारण जंतुसंसर्ग होतं. रक्तात पसरलेला, फुप्फुसात उतरलेला, किंवा दोन्ही. पाचातलं एक जन्मताच श्वास न घेतल्याने गेलं, आणि सुमारे १५ टक्के फार लवकर जन्मल्याने. पण एकेका कारणाची अशी वाटणी थोडी फसवी आहे. नोंदींतून ठळक दिसलं ते हे की बहुतेक वेळा बाळाला एकाहून जास्त गोष्टी झालेल्या असतात. कमी वजनाचं बाळ गार पडतं, गार पडलेलं बाळ दूध नीट ओढत नाही, दूध न मिळालेलं बाळ संसर्गाला बळी पडतं. आजार जितके साचत जातात तितका धोका झपाट्याने वाढतो. म्हणूनच एका आजारावर एक औषध एवढ्याने भागणार नव्हतं. ही साखळी कुठेही तोडता आली तरी फायदा होणार होता.

दवाखान्यात न जाण्याला केवळ अज्ञान म्हणणं चूक ठरेल. बाळंतीण आणि बाळ पहिले दिवस बंद खोलीत असतात, त्यांना बाहेर काढायचं नाही हा रिवाज. पावसाळ्यात नाले भरलेले. मजुरी बुडते. आणि नवजात बाळाचा आजार गाजावाजा करत येत नाही. मोठं मूल तापाने फणफणतं, खोकतं, किरकिर करतं. आठ दिवसांचं बाळ आजारी पडलं की उलट शांत होतं. रडत नाही, दूध मागत नाही, झोपून राहतं. घरच्यांना वाटतं, गुणी बाळ आहे.

पिशवी

या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणतात. त्यांच्या पिशवीत एकही महाग यंत्र नव्हतं. झोळी लावलेला स्प्रिंगचा वजनकाटा, तापमापी, घड्याळ, साबण. तोंडातली घाण ओढून काढायची नळी, श्वास देण्याचं साधन. बाळासाठी टोपरं, पांघरूण आणि आत गुंडाळून ठेवायची उबदार पिशवी. डोळ्यांत घालायचं मलम, जांभळं औषध म्हणजे जेन्शन व्हायोलेट, व्हिटॅमिन के चं इंजेक्शन. पुढे जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन आणि को-ट्रायमॉक्साझोलचं पातळ औषध. शिवाय चित्रांची उलटपुस्ती आणि प्रत्येक बाळाची नोंदवही.

पिशवीत वस्तू असणं आणि त्या बरोबर वापरल्या जाणं यात मोठं अंतर आहे. झोळीच्या काट्याचंच घ्या. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणला नाही, तर पूर्ण महिनाभराची वजनं चुकतात. काटा डोळ्यांच्या रेषेत धरला नाही तर वरून पाहणाऱ्याला वजन वेगळं दिसतं. बाळाच्या अंगावर कधी दुपटं आणि कधी नाही, असं झालं की वजन वाढलं की घटलं हे सांगताच येत नाही. इथे तर प्रश्न काही ग्रॅमांचा असतो. २८ दिवसांत ३०० ग्रॅमही वजन वाढलं नाही तर ते अपुरं धरलं जाई, आणि १७ टक्के बाळांचं तसं होतं. स्प्रिंग वापराने सैल होते म्हणून माहीत असलेलं वजन लटकवून काटा अधूनमधून तपासावा लागतो. हे काम टळलं की नोंदवही भरलेली राहते, पण तिचा उपयोग संपतो.

श्वास मोजण्यातही असंच. नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच भरभर, मध्येच काही सेकंद थांबलेला. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर निरोगी बाळ आजारी ठरतं. पूर्ण मिनिट मोजायचं, दूध पिताना किंवा रडताना मोजायचं नाही, आणि ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट. दोन्ही वेळा ६० किंवा जास्त, तरच ती आजाराची खूण.

पहिली पाच मिनिटं

बाळ बाहेर आलं की आरोग्यदूत घड्याळ बघते. सुईण आईकडे, ती बाळाकडे, ही वाटणी आधीच ठरलेली. सुईणीला बाजूला न सारता तिच्या शेजारी दुसरी बाई बसवली, ही या रचनेतली शहाणी गोष्ट. त्या एका क्षणी दोन जीव हातात असतात आणि सुईणीचे हात दोनच. वार पडायची वाट बघत असताना न रडलेलं बाळ बाजूला पडून राहतं, हे पूर्वी घडत होतं ते क्रूरपणाने नव्हे.

कोरडं करायचं, पुसता पुसता पाठ चोळायची, रडतंय का बघायचं. एक मिनिटाला रडणं नसेल किंवा क्षीण असेल तर सौम्य गुदमर. पाच मिनिटांनी श्वास नसेल, फार मंद असेल किंवा बाळ नुसतं आचके देत असेल तर तीव्र. ही व्याख्या नोंदीसाठी. हातांनी पाच मिनिटं थांबायचं नसतं, तोंड साफ करून लगेच श्वास द्यायला लागायचं.

श्वास देण्याच्या तीन पद्धती एकामागून एक वापरल्या गेल्या आणि प्रत्येक वेळी काय फरक पडला ते मोजलं गेलं. आधी तोंडाने तोंडात फुंकणं. मग नळी लावलेला मास्क, ज्याच्या दुसऱ्या टोकातून बाई स्वतः फुंकते. मग हाताने दाबायची पिशवी आणि मास्क. तोंडाने फुंकण्याने फारसा फरक पडला नाही, गुदमरून होणारे मृत्यू १२ टक्क्यांनीच घटले. नळी-मास्क आल्यावर मोठी घट झाली. पिशवी-मास्कने आणखी सुधारणा दिसली, पण आकडे लहान असल्याने ती ठामपणे सांगता येण्याजोगी नव्हती. अभ्यासकांनी ते तसंच लिहिलं. सगळं मिळून तीव्र गुदमरलेल्या बाळांतला मृत्यू ३९ टक्क्यांवरून २० वर आला.

इथे चुकतं ते मास्कच्या काठाशी. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसला नाही तर हवा बाजूने निसटते. पिशवी दाबली जाते, छाती मात्र हलत नाही. मान फार मागे गेली किंवा हनुवटी छातीला टेकली तरी तेच. म्हणून शिकवताना एकच गोष्ट पक्की करायची: नजर पिशवीवर नको, छातीवर ठेवायची. छाती उचलली गेली तरच तो श्वास. गावात वर्षाला साधारण वीस-पंचवीस बाळंतपणं, त्यांत असं बाळ क्वचितच. हात बसलेला राहत नाही. त्यामुळे बाहुलीवर पुन्हा पुन्हा सराव घेणं हा उपचाराचाच भाग आहे. सराव थांबला की साधन पिशवीतच राहतं.

श्वास सुरू झाला की ऊब. आंघोळ पुढे ढकलायची, डोकं झाकायचं, आईच्या अंगाशी धरायचं, आणि चीक पाजायचा. चिकाचं दूध पिळून टाकण्याची पद्धत बदलणं औषध देण्याहून जास्त वेळखाऊ ठरतं, कारण तिथे सासूला पटवावं लागतं.

दोन खुणा

या प्रकरणाचा गाभा म्हणजे जंतुसंसर्गाचा उपचार. सप्टेंबर १९९६ पासून तो सुरू झाला. रुग्णालयात संसर्ग ठरवायला रक्ताची तपासणी लागते. गावात ती नाही. मग खुणा. खुणांच्या याद्या आधीही होत्या, पण लांब. लांब यादी दोन्हीकडून बुडवते. सगळ्या खुणा दिसेपर्यंत थांबलं तर बाळ जातं, आणि एका खुणेवर औषध दिलं तर अर्ध्या गावाला इंजेक्शनं टोचावी लागतात.

सुरुवातीची यादी नोंदींवर तपासून नंतर आखूड केली गेली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सात खुणा उरल्या. दूध ओढणं कमी झालं किंवा थांबलं. रडणं क्षीण झालं किंवा बंद झालं. हातपाय लुळे पडले. उलट्या होतात किंवा पोट फुगलं. आई म्हणते, बाळ हाताला गार लागतंय. श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाते. बेंबी पिकली. यांतल्या कोणत्याही दोन एकाच वेळी असल्या तर उपचार किंवा रुग्णालय. संसर्गाने दगावू शकणारी सगळी बाळं या नियमात सापडत होती आणि न दगावणाऱ्यांपैकी ९२ टक्के बाहेर राहत होती. म्हणजे साधारण दहा बाळांमागे एकाला औषध.

यादीतला ‘झालं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जन्मापासूनच मंद रडणारं बाळ आणि काल खणखणीत रडून आज कण्हणारं बाळ यांत फरक आहे. खूण म्हणजे बदल. तो बदल फक्त त्या माणसाला कळतो ज्याने परवा ते बाळ पाहिलं होतं. डॉक्टर कितीही शिकलेला असो, तो बाळाला पहिल्यांदाच बघतो. आरोग्यदूताचं खरं बळ इथे आहे. पहिल्या दिवसापासूनच्या तिच्या फेऱ्या नसतील तर या सात खुणांना फारसा अर्थ उरत नाही. आणि सातांतली एक खूण तर सरळ आईच्या शब्दांवर उभी आहे. तापमापी असतानाही ‘गार लागतंय’ हे आईचं म्हणणं यादीत राहिलं, कारण नोंदींनी ते भरवशाचं ठरवलं.

आता सुई. जेंटामायसिन स्वस्त आहे, स्नायूत देता येतं, आणि नवजात बाळांतल्या बऱ्याच जंतूंवर चालतं. पण मात्रा जास्त झाली तर मूत्रपिंड आणि कान यांना इजा करतं. म्हणून ते वजन आणि दिवस पाहून ठरलेल्या मात्रेतच, ठरलेले दिवस पूर्ण देणं आवश्यक. हे औषध सातवी शिकलेल्या बाईच्या हाती द्यायचं म्हटल्यावर वैद्यकीय वर्तुळातून विरोध होणं स्वाभाविक होतं, आणि त्या शंका पोकळ नव्हत्या. उत्तर भाषणाने दिलं गेलं नाही, रचनेने दिलं गेलं. मात्रा बाईने गणित करून काढायची नाही, वजनाच्या गटानुसार ठरलेली द्यायची. आधी घरच्यांना सांगायचं की बाळ धोक्यात आहे, रुग्णालयात न्या. नेणं शक्य नसेल तरच, लेखी संमती घेऊन, घरी उपचार. डॉक्टर दर पंधरा दिवसांनी गावात येऊन नोंदी आणि बाळं पडताळणार.

उपचारापूर्वी संसर्ग झालेल्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के, म्हणजे २७ दगावली होती. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या पहिल्या ७१ पैकी २, म्हणजे २.८ टक्के. पुढची सात वर्षं पाहिली तर चित्र थोडं कमी चमकदार पण जास्त विश्वासार्ह आहे. २००३ पर्यंत ५५२ बाळांना संसर्ग झाला, आरोग्यदूतांनी ४९२ ओळखली. ४४८ जणांवर घरी उपचार झाले, ३१ घरांनी नकार दिला, १३ बाळं रुग्णालयात गेली. घरी उपचार झालेल्यांतला मृत्यू ६.९ टक्के. २.८ हा आकडा भाषणांत जास्त ऐकू येतो. नवीन ठिकाणी हे काम सुरू करणाऱ्याने ६.९ धरून चालावं.

श्रेय कुणाचं

तुलनेची ४७ गावं नसती तर या कथेला फारसं वजन आलं नसतं. त्या गावांत सरकारी आरोग्यसेवा आणि अंगणवाडी होतीच, हे काम तेवढं नव्हतं. जन्म-मृत्यूची नोंद दोन्हीकडे सारख्याच पद्धतीने, आरोग्यदूतांपासून वेगळ्या माणसांकडून, आणि वर दर सहा महिन्यांनी घरोघरी फिरून सुटलेल्या नोंदी शोधणं. मृत बाळ नोंदीतून सुटणं फार सोपं असतं. तिसऱ्या दिवशी गेलेलं बाळ ‘मेलेलंच जन्मलं’ असं सांगितलं जातं आणि नवजात मृत्यू कागदावर आपोआप कमी होतो. म्हणून मृत जन्मही मोजावे लागतात. इथे तेही मोजले होते आणि तेही घटले होते.

तिसऱ्या वर्षी ९३ टक्के बाळांपर्यंत सेवा पोचली. खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर. दर १८ बाळांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला. पुढच्या वर्षांत दर आणखी खाली गेला आणि २००१-०३ पर्यंत तुलनेच्या गावांपेक्षा घट ७० टक्क्यांवर पोचली.

या घटीत कशाचा वाटा किती, याचा हिशेबही मांडला गेला. संसर्गाच्या उपचाराचा ३६ टक्के, कमी वजनाच्या बाळांना ऊब-दूध-फेऱ्या यांनी सांभाळण्याचा ३४, श्वास देण्याचा १९, आजार होऊच न देण्याचा ७, बाकी ४. इंजेक्शनाभोवती इतकी चर्चा झाली, पण टोपरं, उबदार पिशवी आणि जास्तीच्या फेऱ्या यांनी जवळपास तितकीच बाळं वाचवली. कमी वजनाच्या बाळांतला मृत्यू ११.३ टक्क्यांवरून ४.७ वर आला, तोही काचेच्या पेटीशिवाय.

मोठं करताना

महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पात हीच पद्धत आपापल्या भागात राबवली आणि नवजात मृत्यू सुमारे निम्म्यावर आला. बांगलादेशात सिल्हेट भागात अशाच घरभेटींच्या अभ्यासात ३४ टक्के घट दिसली, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर हा कार्यक्रम सुरू केला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे सहा भेटी, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवसाची धरून सात. सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर आशाला २५० रुपये.

सरकारी रूपात दोन गोष्टी बदलल्या. बाळंतपणं घरातून रुग्णालयात गेली. ते चांगलंच झालं, कारण गुदमरलेल्या बाळाजवळ आता प्रशिक्षित हात असतो. दुसरी गोष्ट म्हणजे सुई गळाली. आशाने खुणा ओळखायच्या आणि बाळ पुढे पाठवायचं, एवढंच ठेवलं गेलं. जिथे गाडी येते आणि पुढे बालरोगतज्ज्ञ असतो तिथे हे योग्य आहे. जिथे नसतो तिथे आशाला धोका दिसतो आणि हातात काही नसतं. आमच्या मते ही कपात गरजेपेक्षा जास्त सावध होती. २०१४ मध्ये, बाळाला नेणं अशक्य असेल तेव्हा जेंटामायसिन देण्याची परवानगी एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकांना मिळाली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही, रुग्णालयात नेणं शक्य नसेल तेव्हा घराजवळ प्रतिजैविकं देण्याची रीत मार्गदर्शक सूचनांत आणली. अर्धी वाट परत चालून झाली आहे. पण एएनएमचं उपकेंद्र अनेक गावांसाठी एक, आणि बाळ आजारी पडतं ते बहुधा रात्री कळतं.

बाकीची गळती कमी नाट्यमय आहे आणि म्हणूनच जास्त नुकसान करते. गडचिरोलीत बाईचं मानधन केलेल्या आणि पडताळलेल्या कामाशी जोडलेलं होतं, आणि तिच्याकडे नवजात बाळ हे मुख्य काम होतं. आशाकडे लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणं, कुटुंबनियोजन असं सगळं आहे. पर्यवेक्षक गावात येतो तेव्हा बहुधा फॉर्म तपासतो, बाळ उघडून बघत नाही. फॉर्मवर जन्मापासूनची सगळी वजनं नीट चढती लिहिलेली असतील तर शंका घ्यावी, कारण खरं बाळ पहिल्या आठवड्यात थोडं वजन गमावतं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे नोंद सासरच्या आशाकडे आणि बाळ दुसऱ्याच गावात. दोन्ही आशांना वाटतं, दुसरी बघत असेल. यावर उपाय साधा आहे. सातव्या महिन्यातच विचारून ठेवायचं, बाळंतपण कुठे होणार, आणि त्या गावच्या आशाला फोन करायचा.

आणखी एक फट वेळापत्रकातच आहे. गडचिरोलीत जन्माच्या क्षणी बाई खोलीत असे आणि पहिल्या आठवड्यात तिच्या फेऱ्या दाट असत. आता बाळ रुग्णालयातून साधारण दोन दिवसांनी घरी येतं, आशा तिसऱ्या दिवशी येते आणि मग थेट सातव्या. संसर्ग बऱ्याचदा या पहिल्याच आठवड्यात डोकं वर काढतो. मधल्या दिवसांत बाळाला पाहणारी एकटी आई असते, किंवा तिची आई, किंवा सासू. म्हणून तिसऱ्या दिवसाच्या भेटीत नुसतं वजन घेऊन निघायचं नाही. सात खुणा आईला चित्रांवरून दाखवायच्या आणि तिच्याकडून परत म्हणवून घ्यायच्या. बाळ पाजताना समोर बसून बघायचं, म्हणजे ‘आज कसं ओढतंय’ हे तिच्याही लक्षात राहतं. बाळाच्या पोटाला आणि पावलांना तिचाच हात लावून ऊब कशी लागते ते दाखवायचं. घरात फोन कुणाकडे, रात्री गाडी कुणाची, हे तिथेच ठरवायचं. बाळ कमी वजनाचं किंवा लवकर जन्मलेलं असेल तर सातव्या दिवसाची वाट न पाहता पाचव्या दिवशी पुन्हा जायचं. त्या जादा फेरीचे पैसे ठरलेले नसतील, तर ते आधी ठरवून घ्यायचे.